सुटणारे सांधे: जुन्या आणि जवळच्या साहित्यातून घर कसे उभे राहते

जुना वाडा पाडायला काढला की त्यातल्या बहुतेक सामानाला गिऱ्हाईक असते. सागवानी खांब, तुळया, कडीपाटाच्या कड्या, चौकटी, दारे, खिडक्यांचे गज, जोत्याचे घडीव दगड, मंगलोरी कौले, पितळी कड्या-कोयंडे, सगळे वेगवेगळे निघते, मोजले जाते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरात जाऊन बसते. त्याच गल्लीतली चाळीस-पन्नास वर्षांची आरसीसी इमारत पाडली, तर सळई भंगारात जाते आणि बाकी उरतो तो राडारोडा. तो ट्रकमध्ये भरून गावाबाहेरच्या बंद खाणीत, ओढ्याच्या काठावर किंवा थेट नदीपात्रात टाकला जातो. दोन्ही इमारती आपापल्या काळात नीटच बांधलेल्या असतात. वाड्यातल्या वस्तू मात्र एकमेकींना अशा जोडलेल्या असतात की त्या पुन्हा सोडवता येतात.

पर्यावरणाला जपणारे घर म्हटले की बोलणे सहसा साहित्याच्या नावांवर येते: माती चांगली, सिमेंट वाईट, बांबू चांगला, काँक्रीट वाईट. माझ्या मते ही यादी फार उपयोगाची नाही. त्यापेक्षा प्रत्येक वस्तूबद्दल चार प्रश्न विचारावेत. ती घडवताना किती जाळले गेले? ती किती लांबून आली? तिच्या स्वभावाला सोसेल अशाच जागी ती बसवली आहे का? आणि उद्या ती न फोडता काढता येईल का? यातला चौथा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ कुणीच विचारत नाही. म्हणून त्याच्यावर मी जास्त बोलणार आहे.

घर उभे राहण्याआधीच झालेला खर्च

घराला ऊर्जा दोन वेळा लागते. पंखे, दिवे, पंप, एसी यांची ऊर्जा आपल्याला दर महिन्याच्या बिलात दिसते. विटा भाजताना, सिमेंट तयार करताना, लोखंड वितळवताना जी खर्च झाली, तिचे बिल आपल्या हातात कधी येत नाही. ती साहित्याच्या किमतीत विरघळून जाते.

सिमेंटचे उदाहरण घेऊ. चुनखडी आणि माती दळून सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजली की सिमेंटचा मूळ गोळा, म्हणजे क्लिंकर, तयार होतो. भट्टी पेटवायला कोळसा लागतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण चुनखडीच्या दगडातच कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो आणि तो भाजताना बाहेर पडतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनाचा अर्ध्याहून जास्त वाटा या दगडातूनच येतो. म्हणजे उद्या सगळ्या भट्ट्या सूर्याच्या ऊर्जेवर चालवल्या तरी तो वाटा तसाच राहील. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा हिस्सा सुमारे ७ ते ८ टक्के धरला जातो, त्यामागे हे कारण आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी २००३ मध्ये आपल्या देशातल्या बांधकाम साहित्याचा असा हिशेब मांडला. त्यांच्या आकड्यांनुसार १ किलो सिमेंट घडवायला ५.८५ मेगाज्यूल ऊर्जा लागते, १ किलो पोलादाला ४२ आणि १ किलो ॲल्युमिनियमला २३६.८. वीजबिलातले १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. त्या मापाने ५० किलोची सिमेंटची एक गोणी सुमारे ८० युनिटांची झाली. एका भाजलेल्या विटेत ४.२५ मेगाज्यूल, म्हणजे सव्वा युनिटाच्या आसपास. हजार विटांना जवळजवळ १२०० युनिटे. ही उष्णता कोळशातून, लाकडातून, भुशातून येते, विजेतून नव्हे. पण मोठेपणाचा अंदाज यायला ही तुलना पुरेशी आहे.

याच हिशेबातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या आपल्या सोप्या समजुतींना धक्का देतात. पहिली गोष्ट वाहतुकीची. १ घनमीटर भाजलेल्या विटा तयार करायला २५५० मेगाज्यूल लागतात, आणि त्याच विटा ट्रकने १०० किलोमीटर आणायला साधारण २०० मेगाज्यूल. म्हणजे वीट जवळच्या भट्टीतली आहे एवढ्यावर समाधान मानण्यात अर्थ नाही, खरा खर्च भट्टीत झालेला आहे. वाळूचे गणित उलटे आहे. ती कुणी भाजत नाही, त्यामुळे तिचा मोठा खर्च प्रवासातच होतो. दगड, मुरूम, माती, वाळू या गोष्टी जवळच्याच हव्यात, हा आग्रह तिथे पुरेपूर लागू पडतो. दुसरी गोष्ट चुन्याची. किलोमागे चुन्याला ५.६३ मेगाज्यूल लागतात, म्हणजे सिमेंटच्या जवळपास तेवढेच. चुना वापरला की पर्यावरण वाचले, असे सरसकट म्हणता येत नाही. चुन्याचे मोठेपण वेगळ्या जागी आहे.

चुना विटेला मोकळे सोडतो

चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, काही दिवस मुरू द्यायचा, मग वाळू किंवा विटांची भुकटी घालून घाणीत दळायचा. बैल जुंपून दगडी चाक गोल फिरवायची ती चुन्याची घाणी आजही काही जुन्या गावांत पडून असलेली दिसते. जुने गवंडी त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालत. असा चुना भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषत घट्ट होतो. त्याला वेळ लागतो, पण भट्टीत चुनखडीतून सुटलेल्या वायूचा बराच भाग असा परत बांधला जातो.

भिंतीच्या दृष्टीने मात्र चुन्याचा सगळ्यात मोठा गुण त्याचा मऊपणा आहे. तो विटेपेक्षा आणि दगडापेक्षा मऊ असतो. पाया थोडा खचला, ऊन-थंडीने भिंत थोडी हलली, तर तडा सांध्यातून जातो, वीट फुटत नाही. बारीक तड्यात पावसाचे पाणी गेले तर त्यातला थोडा चुना विरघळून तिथेच पुन्हा बसतो आणि तडा बुजतो. भिंतीतला ओलावाही अशा सांध्यातून बाहेर पडतो. आणि पन्नास-शंभर वर्षांनी भिंत उतरवायची झाली, तर हातोडीच्या टोकाने सांधा खरवडला की वीट अख्खी हातात येते.

सिमेंट जास्त घातलेल्या मालात बांधलेली चांगली वीट अशी येत नाही. सांधा विटेपेक्षा कठीण असल्यामुळे आधी वीटच फुटते. त्यामुळे सिमेंटच्या भिंतीतून विटा मिळण्याऐवजी बहुतेक वेळा तुकडेच मिळतात. वाड्यातले लाकूडही असेच सांध्यामुळे वाचले. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी मारलेली असे. खुंटी काढली की तुळई सुटली. मंगलोरी कौले तर रिपांवर नुसती अडकवलेली असतात. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ती आपल्या किनाऱ्यावर आणि मग देशावर पसरली. दोन-तीन पिढ्यांपूर्वीची कौले धुऊन आजही छपरावर चढतात.

याचा अर्थ नव्या घरात सिमेंटला मज्जाव, असा नाही. जोत्यावरची आणि दारा-खिडक्यांवरची पट्टी, न्हाणीघर, पाण्याची टाकी, पाया या जागी त्याला पर्याय शोधत बसू नये. पण जिथे त्याची ताकद लागतच नाही, तिथेही आपण सवयीने तेच ओततो. आतल्या आडभिंती, अंगणातली फरसबंदी, कुंपण, ओटे. शहाबादी फरशी वाळू-चुन्याच्या थरावर बसवली तर ती पुढे उचलता येते, उलटी करून पुन्हा घासता येते. सिमेंटच्या घट्ट थरावर बसवली तर ती एका घराबरोबर संपते. लोखंडी छप्पर वेल्डिंगऐवजी नट-बोल्टने जोडले तर ते पुढे शेतातल्या गोठ्यावरही जाऊ शकते.

जवळ काय आहे ते आधी पाहावे

महाराष्ट्रात दर शंभर-दीडशे किलोमीटरवर भिंतीचा रंग बदलतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात जांभा. खाणीतून काढताना तो कापता येईल इतका मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. चिरा मोठा असल्यामुळे सांधे कमी, माल कमी, काम झटपट. देशावर काळा बसाल्ट, जो घडवायला कष्ट पडतात पण जोत्याला त्याच्यासारखे काही नाही. पुण्याच्या वाड्यांत खाली दगड आणि वरच्या मजल्यांवर विटा दिसतात, ते वजनाचे आणि ओलीचे शहाणपण आहे. सह्याद्रीच्या उतारांवर कारवीचे कूड: कारवीच्या काठ्या उभ्या करून, त्यांत आडव्या विणून, दोन्ही बाजूंनी शेण-मातीने सारवलेली भिंत. ती हलकी, पटकन उभी राहणारी, पडवीला आणि आतल्या खोल्यांना उत्तम.

मातीबद्दल थोडे जास्त सांगावे लागेल, कारण इथे उत्साहात चुका होतात. आपल्या शेतातली काळी माती घरासाठी चालत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात हा गुण आहे, भिंतीत आणि पायाखाली दोष. म्हणून तर गावे पांढरीवर वसली आणि काळी पिकांना राहिली. भिंतीच्या मातीत वाळू जास्त आणि चिकणमाती बेताची हवी. दाबून केलेल्या मातीच्या ठोकळ्यांसाठी ढोबळ मानाने निम्मी वाळू, पाचवा हिस्सा चिकणमाती, बाकी गाळ आणि बारीक खडे असे प्रमाण चांगले. घरच्या घरी तपासायचे तर काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, थोडे मीठ घालून जोरात हलवावे आणि बरणी ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ त्यानंतर, चिकणमातीला दिवसभरही लागतो. थर मोजले की अंदाज येतो. हा अंदाजच, प्रयोगशाळेतली तपासणी त्याच्या जागी हवीच. चिकणमाती जास्त निघाली तर वाळू किंवा दगडाची भुकटी मिसळता येते. आपल्याकडचा मुरूम या कामी बऱ्याचदा उपयोगी पडतो.

अशा मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून, हाताने चालणाऱ्या यंत्रात दाबून ठोकळे काढतात. ते भाजायचे नसतात. तीन-चार आठवडे झाकून ओले ठेवायचे आणि मग वापरायचे. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमध्ये यावर मोठे काम झाले आहे आणि अशा ठोकळ्यांसाठी आयएस १७२५ हे भारतीय मानकही आहे. वर सांगितलेल्या २००३ च्या हिशेबात अशा ठोकळ्यांना भाजलेल्या विटांच्या साधारण चौथा हिस्सा ऊर्जा लागते असे निघाले.

जवळचे म्हणजे निष्पाप, असेही धरू नये. कोकणात चिरेखाणी यंत्रांनी कापल्या जाऊ लागल्यापासून सडेच्या सडे, म्हणजे जांभ्याची पठारे, खड्डे होऊन पडले आहेत. नदीची वाळू घरापासून दहा किलोमीटरवरच असते, म्हणून ती उपसणे योग्य ठरत नाही. जवळच्या साहित्याची किंमत जवळचाच डोंगर आणि जवळचीच नदी मोजते. म्हणून घर लहान ठेवणे आणि आधी निघालेले साहित्य पुन्हा वापरणे, या दोन्ही गोष्टी नव्या खाणीच्या आधी यायला हव्यात.

किल्लारीत काय पडले

या विषयावर मराठीत लिहिताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळून पुढे जाता येणार नाही. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि सुमारे १० हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, आणि आसपासची गावेच्या गावे ढिगारा झाली. त्या घरांतले जवळजवळ सगळे साहित्य जवळचे होते: काळा दगड, माती, लाकूड आणि वर मातीचे माळवद, म्हणजे सपाट छप्पर. उन्हाळ्यात थंड, स्वस्त, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरे.

ती का पडली, हे समजून घेतल्याशिवाय कुणी दगड-मातीच्या घराची शिफारस करू नये. पहिले कारण भिंतीत होते. दोन-अडीच फूट जाड भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असत, एक आतून, एक बाहेरून, आणि मधल्या पोकळीत दगडाचे तुकडे आणि माती भरलेली. दोन्हींना आरपार बांधणारा लांब दगड क्वचितच टाकलेला असे. जमीन हलली तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या, फुगल्या आणि कोसळल्या. दुसरे कारण डोक्यावर होते. माळवद गळू नये म्हणून त्यावर दर काही वर्षांनी नवी माती टाकली जाई. थर फूट-दीड फूट, कधी त्याहून जाड होई. १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे साधारण आठ-नऊ टन वजन. ते झोपलेल्या माणसांवर आले. तिसरे कारण कोपऱ्यांत होते: दोन भिंती जिथे भेटतात तिथे त्या एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या, आणि सगळ्या भिंतींना भोवतीने बांधणारी एकही पट्टी नव्हती. आतली लाकडी खांब-तुळयांची चौकट अनेक घरांत भिंती पडल्यावरही उभी राहिलेली दिसली.

त्यानंतर मराठवाड्यात दगडाची भीती बसली आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता असे समीकरण झाले. ज्यांनी आपली माणसे त्या दगडांखालून काढली त्यांना ती भीती सोडा असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण नव्याने बांधणाऱ्याला हे सांगायलाच हवे की दोष दगडाचा कमी आणि बांधणीचा जास्त होता. सांधे नीट न बांधलेले काँक्रीटही तसेच पडते, हे पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छ-अहमदाबादने दाखवले. त्याच भूकंपात कच्छमधले गोल भुंगे, म्हणजे मातीच्या भिंतींची आणि हलक्या गवती छपराची घरे, मोठ्या संख्येने टिकले. गोल भिंतीला कमकुवत कोपरा नसतो आणि डोक्यावर वजन नव्हते.

मग दगडाचे घर सुरक्षित कसे करायचे? भिंत दीड फुटांपेक्षा फार जाड करायची नाही. दर दोन फुटांवर आरपार जाणारा दगड घालायचा, तेवढा लांब दगड मिळाला नाही तर काँक्रीटची कांडी चालते. कोपऱ्यात लांब दगड आलटून पालटून दोन्ही भिंतींत शिरवायचे. जोत्याच्या, दारा-खिडक्यांच्या आणि छपराच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टी फिरवायची, काँक्रीटची किंवा लाकडाची. खिडक्या कोपऱ्याला खेटून ठेवायच्या नाहीत. छप्पर हलके. जुने माळवद ठेवायचेच असेल तर माती उतरवून थर सहा-आठ इंचांवर आणायचा, गळती थांबवायला मधे प्लॅस्टिकचा जाड कागद घालायचा आणि खांब-तुळईच्या कोनात तिरप्या दांड्या ठोकायच्या. मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठीची आयएस १३८२७ आणि आयएस १३८२८ ही मानके १९९३ सालचीच आहेत. त्यांत हे सगळे आकृत्यांसह दिलेले आहे. आपल्या इंजिनिअरकडे ती मागावीत.

जुने सामान घेताना

सागवान जुने असले की चांगलेच, हा समज बराचसा खरा आहे, कारण मोठ्या वाढलेल्या झाडांचे आणि शंभर वर्षे वाळलेले लाकूड आज नव्याने मिळत नाही. तरी घेताना टोके पाहावीत. भिंतीत गाडलेले टोक ओलीने आणि वाळवीने आधी जाते. बारीक भोके आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर किडा अजून जिवंत आहे. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, पोकळ वाटला तर तेवढा भाग कापून उरलेला वापरावा. बारा फुटी तुळई कापून नऊ फुटी झाली तर खोली नऊ फुटांची करावी. नव्या घराचा नकाशा आधी आणि सामान नंतर, हा आपला नेहमीचा क्रम इथे उलटावा लागतो. दारे, खिडक्या, तुळया हाती आल्यावर त्यांची मापे वास्तुविशारदाला द्यावीत आणि मग भिंती काढाव्यात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडा रंग घासून धूळ उडवू नये. आणि जुने सिमेंटचे पत्रे, ज्यांत ॲस्बेस्टॉस असते, ते कितीही धडधाकट दिसले तरी पुन्हा वापरू नयेत, फोडू तर मुळीच नयेत.

जुन्या विटा घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून पाहाव्यात. टणक आवाज यायला हवा. पांढरा लोणा फुटलेल्या विटा वेगळ्या काढाव्यात. भिंतीचे वजन पेलायला अख्ख्या विटा, आडभिंतींना आणि बागेला कमी प्रतीच्या. तुकड्यांचाही उपयोग आहेच: आपल्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करतात, त्याला तुकडेच लागतात. जुनी सळई मात्र तुळई-स्लॅबमध्ये सरळ करून वापरण्याच्या मोहात पडू नये. वाकवून सरळ केलेल्या, गंजलेल्या सळईच्या ताकदीची खात्री देता येत नाही. ती वितळून पुन्हा नवी सळई होते, तो तिचा योग्य मार्ग.

राडारोडाही पूर्ण वाया जात नाही. तो चाळून, फोडून खडी करता येते. २०१६ च्या आयएस ३८३ मानकाने जुन्या काँक्रीटच्या खडीला परवानगी दिली: सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम-२५ किंवा त्याखालच्या प्रतीत, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या पातळ काँक्रीटमध्ये पूर्णपणे. त्याच वर्षी पाडकामाच्या कचऱ्याचे केंद्रीय नियम आले. दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा करणाऱ्यांना तो वेगवेगळा करण्याची आणि आधी योजना सादर करण्याची अट त्यांनी घातली. दिल्लीतल्या बुराडीत २००९ पासून असा कारखाना चालतो. पण राडारोड्याची खडी हा शेवटचा उपाय आहे. अख्खी वीट पुन्हा वीट म्हणून वापरली जाणे हे तिचा चुरा होण्यापेक्षा नेहमीच चांगले.

हे सगळे एका माणसाच्या कामात एकत्र पाहायचे असेल तर लॉरी बेकर. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला हा वास्तुविशारद गांधीजींना भेटला आणि पुढे भारतातच राहिला. घराचे साहित्य घरापासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. तो आग्रह कसा दिसतो हे आपल्याला सेवाग्राममध्ये आजही पाहता येते: १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले, तेव्हाच्या माती, लाकूड, बांबू आणि कौलांच्या कुट्या. बेकरांनी केरळात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी भिंत रूढ केली. तिला साधारण २५ टक्के विटा कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट फारसे वजन पेलत नाही, तिथे सळई काम करते. म्हणून त्यांनी सळयांच्या चौकोनांमध्ये जुनी मंगलोरी कौले बसवली आणि काँक्रीट वाचवले. खालून कौलांची नक्षी दिसते आणि छताला प्लास्टरची गरज उरत नाही. दोन्ही पद्धती आपल्याकडच्या गवंड्याला दोन-तीन दिवसांत शिकता येतात, आरेखन मात्र इंजिनिअरचेच हवे.

वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराने चाकावर घडवलेल्या निमुळत्या कौलांची कमान करून छप्पर उभे केले, ज्यात लाकूड जवळजवळ लागत नाही. आणि कोपरगावजवळ साकरवाडीला वास्तुविशारद समीप पडोरा यांनी भुजच्या हुन्नरशाळा या संस्थेच्या साहाय्याने बांधलेले जेतवन हे बौद्ध शिक्षण केंद्र पाहण्यासारखे आहे. जवळच्या खाणीतली दगडाची भुकटी आणि राख ठोकून केलेल्या भिंती, आणि छपराला जुन्या सामानातले लाकूड आणि कौले. तिथे जुनेपणाचा देखावा नाही. ती आजचीच इमारत आहे.

खर्चाबद्दल सरळ सांगायचे तर असे घर नेहमीच स्वस्त पडत नाही. साहित्यावरचा पैसा कमी होतो, मजुरीचा वाढतो. तो पैसा गावातल्या गवंडी-सुतारांच्या हातात जातो, हे मला चांगले वाटते, पण तो आधी हिशेबात धरलेला हवा. मातीच्या भिंतीला रुंद छज्जे, दगडी जोते आणि दर काही वर्षांनी सारवण लागते. ज्याला ते करायचे नाही त्याने बाहेरून चुन्याचा गिलावा करावा किंवा पावसाच्या बाजूची भिंत विटांची घ्यावी. कर्ज देणाऱ्या बँकेला आणि नगरपालिकेला इंजिनिअरचा दाखला लागतो, त्यामुळे असे काम केलेला इंजिनिअर जागा घेतानाच शोधावा.

आणि जुने घर पाडून नवे करणार असाल तर पाडकामाच्या करारात तीन वाक्ये लिहून घ्यावीत. छपरापासून खाली, हाताने उतरवायचे. प्रत्येक तुळई, चौकट आणि दगड उतरवण्याआधी त्यावर रंगाने क्रमांक टाकायचा आणि फोटो ठेवायचा. उतरवलेले लाकूड जमिनीपासून फूटभर उंच, फळ्यांच्या आधारावर, मधे हवा खेळती राहील असे रचून ताडपत्रीखाली ठेवायचे. पावसाळ्याआधी पाडकाम आणि दिवाळीनंतर बांधकाम असा बेत असेल, तर मधल्या चार महिन्यांत उघड्यावर पडलेले सागवान खराब होते, ते केवळ ताडपत्री न घातल्यामुळे.